मुंबईतल्या देवळात गाऱ्हाणं कोण घालतं?

सुरंगीवळेसार

मी वेंगुर्ला तालुक्यातली, राहते पण तिथेच. यंदा फेब्रुवारी-मार्चमध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी २३ दिवस मुंबईत काढले. आई परळच्या एका इस्पितळात, मी लालबागला मामाच्या खोलीवर. सकाळी डबा, दुपारी रिपोर्टांसाठी रांग, संध्याकाळी ४ ते ६ भेटायची वेळ. त्यात जो काय वेळ उरायचा तो त्या गल्लीच्या तोंडावरच्या देवळात जायचा. म्हणून हा धागा.

देऊळ म्हणजे केवढं? आमच्या अंगणात तुळशीवृंदावन सोडून जी जागा उरते, तेवढंही नाही. दोन चाळींच्या मधे. आत देवीची मूर्ती, बाजूला शेंदूर लावलेला एक पाषाण, समोर दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा सभामंडप. भिंतींना न्हाणीघरासारख्या पांढऱ्या फरशा, प्रत्येक फरशीवर कोणाच्या तरी स्मरणार्थ नाव. लोखंडी जाळी, साखळीने बांधलेली दानपेटी, आणि चपला काढायच्या त्या शेजारच्या स्कूटरखाली. देवळाला लागूनच वडापावची गाडी. त्यामुळे उदबत्ती आणि उकळत्या तेलाचा वास एकत्रच नाकात शिरतो. पहिल्या दिवशी विचित्र वाटलं, नंतर तो वास आला की मी आपोआप पदर सारखा करायला लागले.

दर्शन किती वेळाचं? अर्ध्या मिनिटाचं. बरेच लोक थांबतसुद्धा नाहीत. बाइकवरचा मुलगा एक पाय जमिनीला टेकवतो, हात छातीला लावतो, गेला. पुजारी कारवारकडचा तरुण. मराठी स्वच्छ बोलतो. तीर्थ देतो, फूल देतो, काही विचारत नाही. आमच्याकडे गावदेवी सातेरीच्या देवळात गेलं की गुरव आधी विचारतो, "कोणासाठी? काय अडलंय?" मग तो गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपली अडचण मोठ्याने देवापुढे मांडतो, आणि आजूबाजूचे "होय म्हाराजा" म्हणतात. इथे नुसतं हात जोडून निघायचं, हे मला जमेना.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी बहिणीने गावच्या गाडीवाल्याबरोबर सुरंगीच्या फुलांचा वळेसार (गजरा) पाठवला होता, केळीच्या पानात गुंडाळून. १२ तासांच्या प्रवासाने अर्धा सुकलेला, पण वास तसाच. मी तो पुजाऱ्याच्या हातात दिला. त्याने नाकाशी नेला (न्यायचा नसतो, पण बिचाऱ्याला राहवलं नाही), म्हणाला, "हे कुठलं फूल?" आणि देवीला घातला. मी उभी. शब्द सगळे ठाऊक आहेत, लहानपणापासून ऐकतेय, पण तोंड उघडेना.

बाहेरच्या बाकड्यावर एक म्हातारे रोज बसतात. बनियन, लेंगा, गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, "खयच्या गावची गो तू?" मी सांगितलं. "आणि रडतंस कित्याक?" तेही सांगितलं. ते उठले, चप्पल काढली, जाळीला एक हात धरला, आधी देवांची नावं घेतली आणि सुरू झाले:

"बा म्हाराजा! आज ही तुझी लेक वेंगुर्ल्यासून तुझ्या दारात इली असा…"

पहिली ओळ संपवून थांबले. उत्तराची वाट बघत. देवळात मी, ते आणि पुजारी. मी म्हणायचं तर मीच गाऱ्हाणेवाली. आणि तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" वडापाववाला. हातात झारा, झाऱ्यातून तेल गळतंय, नजर कढईवर. दुसऱ्या ओळीला गाडीपाशी पार्सलसाठी उभ्या असलेल्या एक बाई मिळाल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत पाच-सहा जण. वरच्या गॅलरीतूनही कोणीतरी. शेवटचं "हिची आवस हिच्याबरोबर आपल्या पायार चलत घराक जावंदे रे म्हाराजा" याला तर सगळी गल्लीच ओरडली असं मला वाटलं. पुजारी हातात घंटा धरून नुसता बघत होता.

आई आता घरी आहे. चालते.

दोन प्रश्न. तुमच्याकडे शहरातल्या देवळांत असं गाऱ्हाणं घालतात का? आणि दुसरा अडचणीचा. त्या भरात मी देवीला ओटी बोलले. आई म्हणते आपल्या सातेरीला भर, देवी एकच. मामी म्हणते जिथे बोललीस तिथेच भरायची. काय करू?

---

भाटकर

व्हय म्हाराजा!! वडापाववाल्याक माझो दंडवत सांगा.

---

कोरडा ओला

आई बरी झाली, आनंद आहे. पण एक कटू बोलतो. मुंबईतली अशी अर्धीअधिक देवळं फुटपाथवर आणि रस्त्याच्या कडेला उगवलेली असतात. आधी एक फोटो, मग फरशा, मग जाळी, मग दानपेटी. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ ला सांगितलं आहे की सार्वजनिक जागेवर नवीन धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही आणि जुन्यांचं काय करायचं ते एकेक तपासून ठरवायचं. नियमित करा, हलवा किंवा पाडा. भावुक होताना चालणाऱ्याची वाट कोणी अडवली तेही बघावं. आमच्या गल्लीत असंच एक आहे, तिथून व्हीलचेअर जात नाही.

---

सुरंगीवळेसार

@कोरडा ओला, व्हीलचेअरचा मुद्दा मान्य, आता तर जास्तच. पण हे देऊळ चाळीच्या आवारात आहे. मामा म्हणतो चाळ उभी राहिली तेव्हापासूनचं. गाडी मात्र फुटपाथवर आहे. तिच्याबद्दल काही बोलू नका, ती माझी साक्षीदार आहे.

---

पाखाडी

देवीचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत, नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथे रील बनवायला रांग.

"ही आपली देवी नाही" असं वाटायचं कारण नाही. मुंबई म्हणजे एकमेकांत घुसलेली गावंच. गावठाणं, कोळीवाडे, वाड्या, आणि प्रत्येकाची आपली गावदेवी. गावं पुसली, देव्या राहिल्या आणि पत्ते त्यांच्या नावावर झाले. गावदेवीवरून गामदेवी, काळबादेवी, प्रभादेवी आणि खुद्द मुंबादेवी. तीसुद्धा आधी बोरीबंदराच्या बाजूला होती, तिथून उठून आताच्या जागी आली. म्हणजे विस्थापित होण्याचा अनुभव तिलाही आहे.

मग गिरण्या आल्या आणि कोकणातून माणसं आली. एकेका खोलीत २०-२५ जण पाळीपाळीने झोपायचे, गावच्या नावाची खोली, गावच्या नावाचं मंडळ. त्यांनी बरोबर देव आणले नाहीत, गावचा देव गाव सोडत नाही. पण जो समोर सापडला त्याला आपल्या पद्धतीने हाक मारली. शनिवारी भजन, पखवाज, झांजा. डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) रंगली की उठून गिरणीची पाळी गाठायची. तुमचे ते म्हातारे बहुतेक त्यातलेच शेवटचे.

आम्ही गिरगावकर. आमच्याकडे वाडीवाडीत देऊळ. झावबाच्या वाडीत राम, फडक्यांचा गणपती. लहानपणी परीक्षेला जाताना वाटेत चार देव लागायचे, चौघांनाही नमस्कार केला नाही तर पेपर अवघड जाणार ही खात्री. पण गाऱ्हाणं मात्र गिरगावात ऐकलेलं नाही. ते परळ-लालबाग-वरळीकडेच.

---

सुरंगीवळेसार

अगदी बरोबर. ते आजोबा ८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. देवगडकडचे. नंतर विचारलं मी.

---

धूपारत

मी गुरवाच्या घरातला. आता नोकरी पनवेलला, पण वर्षातून एक महिना पाळी आली की गावी जाऊन देवळाचं बघतो. त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

लोकांना वाटतं गाऱ्हाणं म्हणजे देवाला विनवणी. विनवणी शेवटी येते. आधी पाचारण असतं. कोणाकोणाला हाक मारायची याचा क्रम ठरलेला. गावची देवी, तिच्या पंचायतनातले देव, पूर्वस म्हणजे मूळपुरुष, राखणदार, सीमेवरचे. हा क्रम चुकला की म्हातारी माणसं खाकरतात. मग कोण आलंय, कुठून आलंय, कोणाची लेक, कोणाचा पूत. म्हणजे ओळख पटवणं. मग अडचण. मग "चुकलामाकला असात ता पदरात घी". आणि मग मागणं.

प्रत्येक ओळीनंतर "होय म्हाराजा" का? ते नुसतं साथीचं आमीन नाही. ती साक्ष आहे. हे बोलणं आम्ही ऐकलं, ही बाई हिचीच, हिची अडचण खरी. एकट्याने घातलेलं गाऱ्हाणं आमच्याकडे अर्धं धरतात. म्हणून तुमचे आजोबा पहिल्या ओळीनंतर थांबले. ते वाट बघत होते ती देवीची नव्हे, माणसांची.

एक विचारतो. परक्या सीमेत गाऱ्हाणं घालताना आधी त्या जागेच्या देवांना बोलवावं लागतं. आजोबांनी सुरुवातीला कोणाची नावं घेतली, आठवतं का?

---

सुरंगीवळेसार

@धूपारत अंगावर काटा आला हो. घेतली! महालक्ष्मी, मुंबादेवी, प्रभादेवी, आणि "ह्या जाग्याचो जो कोण राखणदार असात तो". मगच आमची सातेरी आणि आरवलीचो वेतोबा. मला वाटलं उगाच मोठमोठी नावं घेतायत.

---

भाटकर

म्हाताऱ्याक कायदो म्हायत होतो. आधी लोकल पोलीस स्टेशन, मगे गावचा.

---

मानाबाहेर

वाचतोय. सगळं छान छान चाललंय म्हणून दोन वेगळ्या ओळी.

"आजूबाजूचे होय म्हाराजा म्हणतात" हे ज्यांना आजूबाजूला उभं राहता आलं त्यांच्यासाठी. माझे आजोबा गावच्या देवळाच्या पायरीखाली उभे राहायचे. त्यांचं गाऱ्हाणं घातलं जायचं, पण सगळ्यांचं आटोपल्यावर, अंधार पडला की. नारळ लांबून द्यायचा. पालखी आमच्या वाडीत येण्यावरून काय काय झालं ते इथे लिहीत नाही. रत्नागिरीला १९३१ साली सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशातून पतितपावन मंदिर मुद्दाम वेगळं बांधावं लागलं, सगळ्यांना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. असलेल्या देवळांत जाता येत असतं तर कशाला बांधलं असतं?

म्हणून मला शहरातलं ते अर्ध्या मिनिटाचं दर्शन आवडतं. "कोणाची लेक, कोणाचा पूत" कोणी विचारत नाही. पुजाऱ्याने काही न विचारणं तुम्हाला कोरडं वाटलं. माझ्या वडिलांना वडाळ्याच्या विठ्ठलाच्या देवळात कोणी काही विचारलं नाही, तो दिवस ते शेवटपर्यंत सांगायचे.

---

धूपारत

@मानाबाहेर उत्तर देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आमच्या देवळाची ती पायरी मी रोज झाडलेली आहे. ओळख पटवणं म्हणून मी वर जे लिहिलं, त्याच ओळीत तुमच्या आजोबांना खाली उभं करायची सोय होती. हे मला लिहिताना सुचलं नाही, तुमचं वाचल्यावर सुचलं.

---

सुरंगीवळेसार

@मानाबाहेर, मीही गप्प. आजोबांनी मला गाव विचारलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण सांगण्यात मला कधी भीती नव्हती. एक सांगते, वाद म्हणून नाही. त्या दिवशी ज्या पाच-सहा जणांनी होय म्हटलं त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं, आडनाव तर नाहीच.

---

मानाबाहेर

ते वाचलं म्हणूनच लिहिलं. नाहीतर अशा धाग्यांवर मी लिहीत नाही.

---

नाखवा

वरळी कोळीवाडा. पाखाडीभाऊ म्हणतात तसं आमचं गाव शहराच्या पोटात आहे, पण गावच आहे. गोल्फादेवीला आजही कौल लावतात. लग्न, घर, काही मोठं काम काढायचं असलं की आधी आईला विचारायचं. लोकांना वाटतं कौल फक्त तळकोकणात, तांदूळ नाहीतर फुलाच्या पाकळ्या लावून. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कॅलेंडरात छापून येत नाही, देवीच्या कौलाने ठरते, मग चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात. तर असं सगळं इथेही आहे, सी-लिंक दिसतो त्या खिडकीतून.

ओटीचं विचारलंत. जिथे बोललात तिथेच. दुसरा विचार नको.

---

तिसरा पोडियम

हे देऊळ किती वर्षं राहील तेवढं बघा. आमची चाळ पुनर्विकासात गेली. चाळीतल्या मारुतीचं काय यावर तीन वर्षं बैठका झाल्या. भाडेकरूंच्या जागेपेक्षा मारुतीच्या जागेवर जास्त भांडणं. विकासकाच्या नकाशात तो एकदा कचरा वेगळा करायच्या खोलीशेजारी दाखवला होता, मग म्हाताऱ्यांनी सहीच केली नाही. पाडायच्या आधी भटजींनी देवत्व कलशात घेतलं, तो कलश आणि तसबीर चार वर्षं एका संक्रमण शिबिरातल्या खोलीत. आमच्याबरोबर मारुतीपण संक्रमण शिबिरात. मग नवीन इमारतीत पुन्हा प्राणप्रतिष्ठा.

आता देऊळ संगमरवरी, एसी, तिसऱ्या पोडियमवर गाड्यांच्या मधे. शनिवारी रुईची माळ घेऊन जुने शेजारी येतात तर वॉचमन विचारतो, "कोणत्या फ्लॅटमध्ये जायचंय?" माझ्या काकीने एकदा सांगितलं, "मारुतीच्या." त्याने रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर मागितला.

---

कोरडा ओला

हाहा. हे मात्र जमलं. माझी तक्रार फुटपाथपुरती, काकींना सोडा आत.

---

बेलपान

मुंबईत कामासाठी आलेल्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते, मी दादरला ३० वर्षं आहे. छोट्या देवळांत दुपारी १२ नंतर जाऊ नका, जाळी ओढलेली असते, ४-५ ला उघडतात. आरती साडेसातच्या आसपास, तेव्हा गर्दी पण प्रसाद चांगला. शंकराचं असेल तर पूर्ण प्रदक्षिणा घालायला जागा असली तरी पन्हळ ओलांडायची नाही, अर्ध्यातून परत फिरायचं. बेल उपडा वाहायचा. पुजारी घाईत असतात, टोकत नाहीत, म्हणून नवीन पोरं काहीही करतात.

आणि @सुरंगीवळेसार, तुम्ही स्वतः का नाही घातलंत गाऱ्हाणं? शब्द येतात म्हणालात. बायकांनी घालायचं नाही असं कोणी सांगितलं?

---

सुरंगीवळेसार

कोणी सांगितलं नाही. कोणी घालताना बघितलंही नाही. दोन्हींत फरक असतो ना.

पण एक राहिलं होतं सांगायचं. शेवटच्या आठवड्यात मी देवळात होते, तेव्हा चाळीतला एक मुलगा आला, दहावीचा, दुसऱ्या दिवशी गणित. आजोबांनी त्याचं घातलं. "ह्या पोराच्या डोक्यात जा काय घातलेला असा, ता उद्या तीन तास थयच ऱ्हवांदे रे म्हाराजा!" वडापाववाला उधारीवरून कोणाशी तरी भांडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. थोडा वेळ शांतता. मग मीच ओरडले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुजारी दचकला, आणि पुढच्या ओळीला तोही म्हणाला. त्याच्या तोंडी ते "हौदु म्हाराजा" असं काहीतरी आलं, पण आजोबांनी चालवून घेतलं.

---

धूपारत

चालतं. अर्थ होयच.

---

पाखाडी

निकाल लागला की कळवा, गणिताचा.

---

सुरंगीवळेसार

मामीला सांगून ठेवलंय. तर बहुमत मामीच्या बाजूने दिसतंय. आईला वाचून दाखवलं सगळं. ती म्हणते, "मीच येतंय, मीच भरतंय ओटी, त्या म्हाताऱ्याक बघूचा असा माका." मे महिन्यात जायचं ठरतंय. खण घेतला, हळकुंडं-सुपाऱ्या आहेत, तांदूळ घरचे. सुरंगीचा हंगाम संपला, पण सुकवलेले वळेसार डब्यात ठेवलेत, वास जात नाही त्यांचा.

---

बेलपान

नारळाची शेंडी देवीकडे. आणि आईंना जाळीजवळ टेकायला स्टूल मागा, वडापाववाल्याकडे असेल.

---

भाटकर

मे महिन्यात? तुतारी एक्स्प्रेसचा तिकीट काढलास काय?

---

सुरंगीवळेसार

जायचं मिळालं. यायचं वेटिंग १४२.

---

भाटकर

मगे आधी त्याचा गाऱ्हाणा घालूया. बा म्हाराजा, रेल्वेच्या बारा डब्यांच्या, बारा टीसींच्या म्हाराजा…

---

नाखवा

व्हय म्हाराजा!

---

तिसरा पोडियम

व्हय म्हाराजा

---

मानाबाहेर

व्हय म्हाराजा.

---

कोरडा ओला

तत्काळ बघा. पण व्हय.